टेलिकास्टरला पोट हवं!

गेले चार-पाच महिने डोक्यात एक खूळ शिरलंय. मला माझीच गिटार हवी आहे, पण पोकळ.

ज्यांचा गिटारशी फारसा संबंध नाही त्यांना वाटेल, गिटार पोकळच असते की! बरोबर आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला, ट्रेकच्या शेकोटीभोवती जी दिसते, मधोमध गोल भोक असलेली, ती पोकळच असते. पण माझी ती नव्हे. माझ्याकडे आहे टेलिकास्टर. फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार. पोळपाटाला लांब दांडा बसवावा आणि त्यावर सहा तारा ताणाव्यात, साधारण तसं हे प्रकरण दिसतं. आत पोकळी वगैरे काही नाही, सगळं भरीव लाकूड. मिशिगनमध्ये पीएचडी करत असताना स्टायपेंडमधून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून मी ती सेकंडहँड घेतली. त्यानंतर नोकरी, लग्न, मिशिगनहून कॅलिफोर्नियाला बिऱ्हाड, मुलगी, असं सगळं झालं. घरातली बाकी प्रत्येक वस्तू बदलली, गिटार तीच आहे.

मग खूळ आलं कुठून? तर बाबांमुळे.

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. रात्री नऊला लेक झोपली की मी गिटार काढतो. अ‍ॅम्प्लिफायर लावायची सोय नाही, कारण लेक उठते आणि खालच्या मजल्यावरचे शेजारीही उठतात. त्यामुळे मी तशीच, विजेशिवाय वाजवत बसतो. बाबा समोर जेवणाच्या टेबलापाशी पेपर वाचत बसायचे. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. आठवडाभर त्यांनी हा प्रकार पाहिला आणि एके दिवशी चष्म्यावरून बघत विचारलं, "अरे, तू ती वाजवतोस की नुसती पुसतोस?"

मी हसलो. पण पुढचं वाक्य जरा लागलं. "आक्काचा तंबोरा माजघरात लावला तरी परसात कळायचा. तुझं वाद्य समोर बसूनही ऐकू येत नाही."

आक्का म्हणजे माझी आत्या. ती गाणं शिकवायची. तिचा तंबोरा अर्थातच मिरजेचा, सांगलीला दुसरीकडे कुठे जायची गरजच नाही. मोठा थोरला भोपळा, त्यावर तबली. चार तारा छेडल्या की अख्खं घर भरून जायचं. आणि इथे मी, कंपनं या विषयात डॉक्टरेट घेतलेला माणूस (पोटापाण्यासाठी मी यंत्रांचा आवाज कमी करतो), सहा फुटांवर बसलेल्या बापाला ऐकू जाईल असं वाद्य घरात नाही!

त्या रात्री मी गिटार स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. ३.९ किलो. मनात हिशोब मांडला की पाठीमागून लाकूड कोरून काढायचं, वरून एक पातळ फळी चिकटवायची, झाली पोकळ. राउटर मित्राकडून मिळाला असता. बायको म्हणाली, "कोरलेलं लाकूड परत भरता येतं का?" येत नाही. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी म्हटलं, आधी जरा शोधूया की ही गिटार मुळात भरीव केली कुणी, आणि का. त्या शोधातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, समीकरणं नाहीत.

गिटारची सगळ्यात बारीक तार साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. ती कितीही जोरात हलली तरी हवा ढकलू शकत नाही. सुईने वरण ढवळल्यासारखं आहे ते. म्हणून तारेखाली घोडी असते, घोडीखाली पातळ तबली असते आणि तबलीखाली हवा कोंडलेली पोकळी. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबलीचा मोठा पृष्ठभाग हवेला ढकलतो. तंबोरा, सतार, व्हायोलिन, गिटार, सगळ्यांचं तत्त्व एकच. पोकळीतल्या हवेलाही स्वतःचा एक सूर असतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो येतो तसा. साध्या गिटारमध्ये तो सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास असतो आणि खर्जाला भरीवपणा देतो.

तारेत आपण बोटाने जेवढी ऊर्जा घालतो, तेवढीच पुंजी. पोकळ वाद्य ती भराभर खर्च करतं, म्हणून आवाज मोठा येतो पण लवकर विरतो. भरीव लाकूड मात्र कंजूष. घोडी जागची हलतच नाही म्हटल्यावर ऊर्जा तारेतच राहते, तार बराच वेळ थरथरते, पण खोलीला काही मिळत नाही. माझ्या टेलिकास्टरचा 'मुकेपणा' हा असा आहे. तार खूप काही बोलत असते, स्वतःशीच.

आता इतिहासाकडे.

मी अ‍ॅन आर्बरला शिकत होतो तेव्हा एका शनिवारी, थीसिसचं चौथं प्रकरण लिहायचं टाळण्यासाठी, गाडी काढून कॅलमझूला गेलो होतो. शंभरेक मैलांवरचं हे गाव. तिथे पार्सन्स स्ट्रीटवर १९१७ साली बांधलेला विटांचा जुना कारखाना आहे. हा गिब्सन कंपनीचा मूळ कारखाना. ऑर्व्हिल गिब्सन नावाचा एक माणूस या गावात चपलांच्या दुकानात काम करायचा आणि फावल्या वेळात वाद्यं बनवायचा. व्हायोलिनची वरची फळी जशी कोरून फुगीर करतात, तशीच मँडोलिनची आणि गिटारची का करू नये, असं त्याच्या डोक्यात आलं. १८९८ साली त्याला मँडोलिनचं पेटंट मिळालं, १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली. पुढे १९२२ मध्ये त्या कंपनीत लॉइड लोअर याच्या हाताखाली एल-५ ही गिटार तयार झाली. मधल्या गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारख्या, एफ अक्षराच्या आकाराच्या दोन फटी. आवाज आधीपेक्षा खणखणीत.

पण खणखणीत म्हणजे तरी किती? १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठमोठ्या जॅझ बँडांचं राज्य होतं. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांच्या रांगा आणि मागे ड्रम. त्यात गिटारवाला बिचारा घाम गाळून ताल धरायचा आणि तो ऐकू यायचा फक्त शेजारच्याला. वाद्यं मोठी करून झाली, तारा जाड करून झाल्या. शेवटी विजेची मदत घ्यावी लागली.

चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं गुंडाळायचं आणि ते गिटारच्या पोलादी तारेखाली ठेवायचं. तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेलंच हे तत्त्व. या भागाला पिकअप म्हणतात. गंमत बघा, पिकअप 'ऐकत' नाही, तो तारेची हालचाल फक्त 'बघतो'. म्हणजे तत्त्वतः त्याला पोकळीची गरजच नाही.

गिब्सनने १९३६ मध्ये नेहमीच्या पोकळ गिटारला पिकअप लावून ईएस-१५० आणली. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन नावाचा ओक्लाहोमाकडचा कृष्णवर्णीय तरुण बेनी गुडमनच्या बँडमध्ये दाखल झाला आणि त्याने ही गिटार सॅक्सोफोनसारखी, एकेका सुराची लांबलचक वाक्यं म्हणत वाजवली. गिटार पहिल्यांदा मागच्या रांगेतून पुढे आली. तो १९४२ मध्ये क्षयाने गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. त्यानंतर जॅझमध्ये गिटार वाजवणारा प्रत्येकजण थोडाफार त्याचा देणेकरी आहे.

पण आवाज वाढवला तशी एक नवीन ब्याद आली. गणपतीच्या मांडवात "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणता म्हणता एकदम कर्कश शिट्टी घुमते आणि सगळे कानांवर हात ठेवतात, आठवतंय? तेच इथे. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हवेतून परत गिटारच्या पातळ तबलीवर आदळतो, तबली हलते, तबलीबरोबर तारा हलतात, पिकअप ते बघतो, अ‍ॅम्प्लिफायरला पाठवतो, तो आणखी मोठा करतो... चक्र सुरू. फीडबॅक म्हणतात तो हाच. म्हणजे ज्या पातळ तबलीमुळे गिटार खोलीशी बोलू शकत होती, त्याच तबलीमुळे ती खोलीचं ऐकूही लागली. हवेला हलवणाऱ्या वस्तूला हवाही हलवते, त्यातून सुटका नाही.

उपाय काय? तबलीच नको.

हा उपाय खरं म्हणजे आधीच, वेगळ्याच वाटेने येऊन थांबलेला होता. कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ मध्ये अ‍ॅल्युमिनियम ओतून एक गिटार बनवली. लांब दांडा आणि टोकाला छोटी गोल तबकडी, त्यामुळे लोक तिला फ्राइंग पॅनच म्हणू लागले. पेटंट मिळायला मात्र १९३७ उजाडलं. ही मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवत वाजवायची हवाईयन गिटार. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला सिनेमाच्या गाण्यांच्या ज्या हेल काढणाऱ्या धून लागायच्या, त्या याच जातीच्या वाद्यावर. ब्रिजभूषण काबरांनी पुढे तिच्यावर राग वाजवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीने वाजते ती त्यांचीच गिटार. हवाईयन गिटार मांडीवर असल्यामुळे तिचा आकार कसाही चालायचा. पण उभी धरून वाजवायची 'खरी' गिटार बिनपोटाची असू शकते, हे लोकांच्या पचनी पडायला अजून वीस वर्षं जायची होती.

ते किती अवघड होतं याचा एक मजेदार किस्सा आहे. लेस पॉल नावाचा विस्कॉन्सिनचा एक हरहुन्नरी गिटारवादक होता. १९४० च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी मशिनं मोकळी असताना, पाइनचा चार बाय चार इंचांचा एक सरळसोट ओंडका घेतला. त्याला गिटारचा दांडा, तारा आणि पिकअप जोडले. आवाज त्याला हवा तसा, स्वच्छ आणि लांब टिकणारा. पण लोकांसमोर वाजवला तेव्हा कुणी ढुंकून बघेना. मग त्याने एक पोकळ गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवले. त्या अर्ध्यांचा आवाजाशी फारसा संबंध नव्हता. पण आता ती गिटारसारखी दिसू लागली आणि तेच लोक खूष झाले! लोक आधी डोळ्यांनी ऐकतात हे त्याला तेव्हा कळलं. तो ओंडका, 'द लॉग', नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जपून ठेवलेला आहे. तो घेऊन लेस पॉल गिब्सनकडे गेला, तेव्हा तिथल्या मंडळींनी त्याची झाडूच्या दांड्यात गणना करून वाटेला लावलं.

गिब्सनचं तरी काय चुकलं म्हणा. चाळीस-पन्नास वर्षं ज्यांनी फळ्या कोरण्यात हयात घालवली, त्यांना ओंडका कसा आवडावा? तो आवडण्यासाठी वाद्यं बनवण्याचं शिक्षणच नसलेला माणूस हवा होता. तो होता, पण दोन हजार मैलांवर.

मी आता राहतो तिथून फुलर्टन गाडीने अर्ध्या तासावर आहे. एकेकाळी संत्र्यांच्या बागांचं गाव. तिथे लिओ फेंडरचं १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण हिशेबनीसाचं, आवड इलेक्ट्रॉनिक्सची, आणि गिटार? ती त्याला आयुष्यभर वाजवता आली नाही. गावोगावच्या नाचाच्या कार्यक्रमांत वाजवणारे लोक त्याच्याकडे मोडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचे आणि तक्रारी सांगायचे. १९४३ मध्ये त्याने आणि त्याचा भागीदार डॉक कॉफमन याने, पिकअप तपासायचा म्हणून एका भरीव तुकड्यावर ओबडधोबड गिटार बनवली. ती वाजवायला न्यायला लोक मागू लागले, तेव्हा फेंडरच्या लक्षात आलं की यात काहीतरी आहे.

१९५० मध्ये त्याने भरीव गिटार बाजारात आणली. अ‍ॅश लाकडाची एक फळी आणि मेपलचा दांडा. दांडा चिकटवलेला नाही, चार स्क्रूंनी आवळलेला. खराब झाला तर काढा, दुसरा लावा. गिब्सनच्या कारागिराला हे पाहून घेरी आली असती, पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. सुटे भाग बदलता आलेच पाहिजेत! नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. लगेच १९५१ च्या सुरुवातीला ग्रेच कंपनीची तार आली की या नावाचे ड्रम आमचे आहेत. मग नवीन नाव ठरेपर्यंत फेंडरच्या लोकांनी लेबलावरचं नाव सरळ कात्रीने कापून टाकलं आणि बिननावाच्याच गिटारी विकल्या. शेवटी तेव्हाचं नवलाईचं यंत्र टेलिव्हिजन, त्यावरून नाव आलं टेलिकास्टर.

तर माझ्या गिटारच्या 'मुकेपणा'मागे हा असा इतिहास आहे. ती मुकी राहिली म्हणून मोठ्या हॉलमध्ये, ड्रमच्या शेजारी, पूर्ण आवाजात न किंचाळता वाजू शकली. तिचा जन्मच मुळी गर्दीत उभं राहण्यासाठी झाला. मी तिला एका झोपलेल्या घरात, एका म्हाताऱ्या माणसासमोर आणून बसवलं. यात तिचा काय दोष?

फेंडरची गिटार खपू लागल्यावर गिब्सनला तो झाडूचा दांडा आठवला. १९५२ मध्ये त्यांनी भरीव गिटार काढली आणि नाव दिलं लेस पॉल! पण खरी गंमत सहा वर्षांनी झाली. १९५८ मध्ये टेड मॅकार्टी गिब्सनचा अध्यक्ष असताना ईएस-३३५ आली. दोन्ही बाजूंना पोकळ पंख, त्यावर एफ-फटी, आणि मधोमध घोडी आणि पिकअप यांच्याखाली मेपलचा भरीव ठोकळा. म्हणजे लेस पॉलने प्रेक्षकांचं मन राखण्यासाठी केलेली तडजोड आता कारखान्यात, नीट विचार करून बनू लागली. तारेचा ताण आणि कंपनं ठोकळा सांभाळणार, हवेचा थोडासा संवाद पंख करणार. भरीव गिटार बाजारात येऊन आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि लोकांना पोकळीची आठवण येऊ लागली होती.

बी. बी. किंगचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट या गावी तो एका नाचघरात वाजवत होता. ऊब मिळावी म्हणून पेटवलेलं रॉकेलचं पिंप दोघांच्या मारामारीत कलंडलं आणि आग लागली. तो बाहेर पळाला, आणि मग गिटार आत राहिली म्हणून जळत्या इमारतीत परत गेला. मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून होती हे कळल्यावर त्याने गिटारचं नाव ल्युसिल ठेवलं, असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून. पुढे गिब्सनच्या याच ३३५ च्या घराण्यातली गिटार त्याने कायमची धरली. त्याला पोकळी हवी होती पण फीडबॅक नको होता, म्हणून तो एफ-फटींमध्ये कापड कोंबायचा! १९८० मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची खास ल्युसिल काढली, तिला फटीच ठेवल्या नाहीत. पोट ठेवलं, तोंड बंद केलं.

आणि टेलिकास्टर? तिला पोट द्यायची इच्छा माझ्याआधी कुणाला झाली नसेल, असं मला उगाच वाटत होतं. ते काम होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली आहेत. आणि ज्याने केलं त्याची गोष्ट वाचून मी काही वेळ गप्प बसलो.

रॉजर रॉसमाइझल. जर्मनीत गिटार बनवणाऱ्या वेन्झेल रॉसमाइझलचा मुलगा. बापाने आपल्या गिटारींचं नावच मुळी मुलावरून 'रॉजर' ठेवलं होतं. मुलगा बापाचीच विद्या शिकला आणि १९५३ मध्ये, विशीतच, अमेरिकेला आला. आधी कॅलमझूला, गिब्सनमध्ये. तिथे जेमतेम वर्षभर टिकला. मग कॅलिफोर्नियात रिकनबॅकरकडे. तिथे त्याने एक युक्ती रुळवली. पोकळ गिटार बनवताना पातळ फळ्या वाकवून डबा करण्याऐवजी, भरीव लाकूड पाठीमागून कोरायचं आणि वरून पाठ चिकटवायची. १९६० मध्ये जॉन लेननने हॅम्बुर्गमध्ये जी रिकनबॅकर घेतली ती याच माणसाच्या आखणीची. १९६२ मध्ये लिओ फेंडरने त्याला साध्या, पोकळ गिटारी बनवण्यासाठी बोलावून घेतलं. १९६५ च्या सुरुवातीला फेंडरने कंपनी सीबीएसला १३ दशलक्ष डॉलरना विकली, पण रॉसमाइझल तिथेच राहिला.

तोवर एक व्यावहारिक अडचण उभी राहिली होती. हलकं अ‍ॅश लाकूड मिळणं कठीण झालं होतं आणि टेलिकास्टर वजनाने जड होऊ लागली होती. रॉसमाइझलने आपली जुनी युक्ती काढली. फळी पाठीमागून कोरली, मध्ये भरीव पट्टा ठेवला, पाठ चिकटवली आणि पुढे एकच एफ-फट कापली. १९६८ मध्ये ती 'थिनलाइन' टेलिकास्टर म्हणून बाजारात आली. म्हणजे मी रात्री अकरा वाजता वजनकाट्यासमोर उभा राहून जो 'शोध' लावला होता, तो अगदी शब्दशः हाच!

कॅलमझूहून फुलर्टन. मिशिगनहून दक्षिण कॅलिफोर्निया. माझंही बिऱ्हाड याच वाटेने आलं. तुलना तेवढीच, मी काही त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण बापाकडून पोकळ वाद्याची विद्या घेऊन आलेला मुलगा परमुलखात, भरीव वाद्यांच्या कारखान्यात नोकरी करतो आणि एक दिवस त्यांच्याच फळीत पोकळी कोरतो, हे वाचून मला आक्काचा तंबोरा आठवला, त्याला मी काय करू? तो शेवटी जर्मनीला परतला आणि १९७९ मध्ये वारला. थिनलाइन वाजवणाऱ्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नसतं.

अ‍ॅशच्या अडचणीलाही पुढचा अध्याय आहे. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चमकदार किडा सापडला, मूळचा पूर्व आशियातला. अ‍ॅशची साल पोखरून तो झाडं मारतो. अ‍ॅन आर्बरच्या रस्त्यांवर अ‍ॅशची तोडलेली खोडं आणि रिकाम्या जागा मी स्वतः पाहिल्या आहेत. तेव्हा माझ्या गिटारशी त्यांचं नातं आहे हे डोक्यातही आलं नाही. हा किडा आणि पूर यांमुळे लाकडाचा भरवसा राहिला नाही, म्हणून २०२० मध्ये फेंडरने नेहमीच्या बहुतेक गिटारींमधून अ‍ॅश कमी करत असल्याचं जाहीर केलं. झालं! माझी ३.९ किलोची अ‍ॅशची फळी कोरण्याचा उत्साह तिथेच अर्धा झाला.

उरलेल्या अर्ध्याचं काय? एका शनिवारी बाबांना घेऊन जुन्या गिटारींच्या दुकानात गेलो. तिथे एक थिनलाइन होती, नंतरच्या काळातली. बाबांना समोर स्टुलावर बसवलं आणि विजेशिवाय वाजवली. माझ्या गिटारपेक्षा आवाज नक्की मोठा होता. थोडा हवेशीर, थोडा गोल. पण तंबोऱ्याची सर कुठून येणार? वरची फळी जाडच, मध्ये पट्टा, पोकळी बेताची. घोडीला अजूनही फारसं हलता येत नाही.

"कशी आहे बाबा?"

बाबांनी उजवा कान पुढे केला. "बोलते. पण नव्या सुनेसारखी बोलते."

घेतली नाही. किंमतही नव्या सुनेसारखी नव्हती.

पुढचं मात्र अगदीच अनपेक्षित घडलं. बाबा परत जायच्या साधारण दोन आठवडे आधीची गोष्ट. रात्री मी टेबलापाशी बसून तारा जुळवत होतो. खुंटी पिळताना गिटारचं डोकं चुकून जेवणाच्या टेबलाच्या कडेला टेकलं आणि ते लाकडी टेबल एकदम घुमलं. बाबांनी पेपर खाली केला. "हां! हे काय केलंस?"

मी काहीच केलं नव्हतं. तारेची कंपनं दांड्यातून टेबलात गेली आणि टेबलाच्या रुंद फळीने हवा ढकलली. तबली आम्हाला मिळाली होती, फक्त ती गिटारला चिकटलेली नव्हती. हे मी परीक्षेत लिहून आलोय, लोकांना शिकवलंय, आणि वर्षानुवर्षं रोज रात्री त्याच टेबलाशेजारी बसून मुकी गिटार वाजवलीय. डॉक्टरेट कशी मिळाली देव जाणे.

त्यानंतरचे दोन आठवडे आमचा कार्यक्रम ठरलेला. गिटारचं डोकं टेबलाला टेकवायचं, मध्ये लाकडाला ओरखडा येऊ नये म्हणून पातळ सुती रुमाल. बाबा दोन्ही कोपरं टेबलावर रोवून, हनुवटी तळहातांवर ठेवून बसायचे. कानाने जेवढं येत नव्हतं तेवढं हाडांतून येत असावं. मी कुठलंसं साधंच काहीतरी वाजवायचो, बाबा डोळे मिटून ऐकायचे. लेक उठली नाही, शेजाऱ्यांचीही तक्रार आली नाही. एकदा मध्येच म्हणाले, "षड्ज लावून ठेव ना नुसता." मी खालच्या दोन तारा जुळवून छेडत राहिलो आणि ते हलक्या आवाजात आक्काची एक जुनी बंदिश गुणगुणले. त्यांना गाताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

असो. बाबा आता सांगलीला आहेत. राउटर मित्राकडेच आहे, गिटार शाबूत आहे आणि तशीच राहील. भरीव वाद्य भरीव असण्यामागे पन्नास वर्षांची माणसांची डोकी खर्ची पडली आहेत, ते एका रात्रीत पोखरायला मी कोण?

पण पोकळ टेलिकास्टरचं खूळ गेलं का म्हणाल, तर नाही. त्या दुकानाकडे गेल्या शनिवारीही एक चक्कर झाली. ती अजून तिथेच आहे. बाबा पुढच्या उन्हाळ्यात परत यायचं म्हणताहेत, आणि सूनबाई तोवर जरा मोकळेपणाने बोलू लागेल, अशी आशा आहे.